हरमलच्या खाऱ्या वाऱ्यात जुनी फियाट कशी टिकवायची? आधी कागद, मग पत्रा, रंग सगळ्यात शेवटी

हरमल : पेडण्याच्या किनारपट्टीवर आणि तेरेखोल नदीपलीकडे आरोंदा, सावंतवाडी, वेंगुर्ला भागात एखाद्या घराच्या मागे ताडपत्रीखाली जुनी फियाट किंवा पद्मिनी अजून दिसते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली. भंगारवाला वजनावर भाव करतो आणि घरच्यांना ती द्यायचा धीर होत नाही. मग कोणीतरी हौसेने गाडी डेंटिंग-पेंटिंगला टाकतो, चकचकीत रंग मारून आणतो आणि दोन पावसाळ्यांत दरवाजाच्या खालून पुन्हा गंज डोके काढतो. तोवर कळते की आरसीची मुदत कधीच संपली आहे. पैसे गेले, गाडी मात्र रस्त्यावर आली नाही.

हे टाळायचे तर कामाचा क्रम महत्त्वाचा.

फियाट की पद्मिनी?

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने या गाड्या बनवल्या. पन्नाशीच्या दशकातली गुबगुबीत गाडी म्हणजे लोकांच्या तोंडची 'डुक्कर फियाट'. १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' आली, १९७४ पासून तिचेच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झाले आणि २००१ मध्ये उत्पादन थांबले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, मागच्या चाकांना ओढ, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि स्टीअरिंगजवळचा हँडल गिअर अशी तिची साधी रचना. मुंबईत ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. तिथल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

कायद्याने 'व्हिंटेज' कधी?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता एकेक करून या वयात येत आहेत. अट एकच पण कडक : चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत बदल झालेला नको. दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले की हा मार्ग बंद.

अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा, फी आणि जुनी आरसी. गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नवा नंबर घेतल्यास त्यात 'व्हीए' ही अक्षरे येतात.

मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. हरमलला पर्यटकांना भाड्याने द्यायची किंवा लग्नाच्या वरातीला लावायची असा विचार असेल तर व्हिंटेज नोंदणी त्या कामाची नाही.

रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवावी. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. '१५ वर्षांनी पेट्रोल गाडी भंगारात' हा नियम दिल्ली परिसरापुरता आहे. गोवा, महाराष्ट्र, कर्नाटकात तपासणीत पास झालेली जुनी गाडी चालवता येते.

आधी कागद

बहुतेक घरांत गाडी अजून आजोबांच्याच नावावर असते. मालक वारल्यास ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ वर वारसाच्या नावे अर्ज करायचा असतो. उशीर झाला असेल तर दंड भरून मार्ग निघतो का, हे गाडीला हात लावण्याआधीच विचारावे. वारसाहक्काचे कागद लागतातच. गोव्यात त्यासाठी निबंधक कार्यालयात सक्सेशन डीड करण्याची पद्धत आहे.

गाडी एमएच-०७ किंवा केए-२२ ची असून कायमची गोव्यात आणायची असेल, तर मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यास तिथे नवा नंबर घेणे बंधनकारक आहे. किरणपाणीचा पूल ओलांडला की राज्य बदलते, हे सीमेवरच्या माणसाला रोजचे असले तरी आरटीओला नसते.

कागद हातात घेऊन चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहावेत. कारागीर पत्रा घासताना किंवा वेल्डिंग करताना नंबर पुसून बसतात. तसे झाले तर पुढे तपासणीत गाडी अडते. काम सुरू होण्याआधी दोन्ही नंबरांचे फोटो काढून ठेवावेत.

मग पत्रा

या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. बॉडी हीच चॅसिस. म्हणून जमिनीचा पत्रा, दरवाजाखालची पट्टी आणि मागच्या पाट्यांची बैठक कुजली तर तो दिसण्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो. समुद्रापासून जवळ मिठाचा अंश हवेतून येऊन याच जागी बसतो.

गाडी उचलून खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावे. टोक आत गेले तर तिथे पुट्टी चालत नाही. कुजका भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंग करून लावावा, पण मूळ आकार बदलू नये. वेल्डिंगनंतर प्रायमर, सांध्यांना सीलर, मग अंडरकोट. गंजावरच अंडरकोट फासला तर ओल आत कोंडते आणि पत्रा आतून संपतो. दरवाजांच्या तळाशी पाणी जायला बारीक भोके असतात. रंगकाम करताना ती बुजवू नयेत. रंग हे या सगळ्यानंतरचे काम.

इंजिन आणि ब्रेक

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस ठेवून इंजिन हाताने फिरवून बघावे. फिरले तर पुढची कामे : ऑइल आणि फिल्टर बदलणे, पेट्रोलची टाकी उतरवून धुणे, कार्बोरेटर खोलून जेट साफ करणे, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट आणि कंडेन्सर तपासणे. इंजिन खोलावेच लागले तर बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर किंवा बेळगावची उद्यमबाग सोयीची. जुन्या सुट्या भागांसाठी अजूनही कुर्ल्याचा बाजार शोधावा लागतो.

ब्रेकमध्ये काटकसर नको. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडरचे रबर, होजपाइप आणि ऑइल नवीनच घालावे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. पुढच्या चाकांच्या ग्रीस निपलला नियमित ग्रीस द्यावे. ते सुकले की स्टीअरिंग जड होते.

पेट्रोल आणि पावसाळा

पंपावर आता सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुने रबर त्याने फुगते, चिरते, आणि इथेनॉल ओल धरते. म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घ्यावेत, टाकीनंतर फिल्टर लावावा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे.

जून ते सप्टेंबर हा खरा परीक्षेचा काळ. प्लास्टिकची ताडपत्री आत वाफ धरते. त्याऐवजी छप्पर असलेली, वारा खेळती जागा आणि सुती कव्हर बरे. बॅटरीची तार काढून ठेवावी. वायरिंग उंदीर कुरतडतात, त्यावर लक्ष हवे. जी गाडी चालू ठेवायची, ती पाच मिनिटे जागेवर सुरू करून बंद करू नये, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचते. दोन आठवड्यांतून एकदा उघाडीच्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे फिरवावी. नंतर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवून सुकवावा. किनाऱ्याच्या वाळूत गाडी नेणे गोव्यात बेकायदा आहेच, पण ती हौस पत्र्यालाही परवडत नाही.

किती करायचे?

जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' ३० वर्षांवरची गाडी ऐतिहासिक मानते. तिचे धोरण सांगते : जे टिकवता येते ते बदलू नका. आपल्याकडचा ५० वर्षांचा नियमही मूळ रूपावरच बोट ठेवतो. म्हणून चालणारे जुने मीटर, मूळ सीटचा सांगाडा, काचेवरची जुनी खूण काढून टाकू नये. थोडी झिजलेली पण कागदांत स्वच्छ आणि तळाला मजबूत असलेली फियाट ही चकचकीत पण आरसी नसलेल्या फियाटपेक्षा केव्हाही बरी. पहिली गाडी नातवाला चालवता येते. दुसरीचा भाव शेवटी भंगारवालाच ठरवतो.