तळटीप १४ : ‘निश्चल खडक’

लेखकाने व्हाइटफील्डच्या पायाखालच्या खडकाला ‘निश्चल’ म्हटले आहे. शब्द तसाच ठेवला, पण अणूच्या पातळीवर तो खरा नाही. बंगळुरू परिसराखालचा नाइस खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. लालबागेतली टेकडी त्याचीच. त्यातल्या फेल्डस्पारात आणि अभ्रकात पोटॅशियम असते आणि त्याच्या दर दहा हजार अणूंमागे आज साधारण एक अणू किरणोत्सारी, पोटॅशियम-४० चा. त्याचे अर्धायुष्य १२५ कोटी वर्षे. म्हणजे खडक घडताना जेवढे पोटॅशियम-४० होते, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरला आहे. बाकीच्याचे बहुतांशी कॅल्शियम झाले, थोड्याचा आर्गॉन वायू. वाचकाच्या स्वतःच्या स्नायूंतही हेच अणू याच गतीने फुटत आहेत. – संपा.