प्रस्तावना : आकड्याचा माग

आर्थिक अहवाल समोर आला की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो : हा आकडा आला कुठून? ज्या अहवालाला या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे देता येते, तो चांगला अहवाल. रंगीत आलेख, नेटका मजकूर, वेळेवर आलेली फाइल या गोष्टींचे मोल त्यानंतर. स्प्रेडशीटवर आधारित नियोजन आणि अहवाललेखनाचे शास्त्र या एका कसोटीवर उभे आहे, आणि हे पुस्तकही.

स्प्रेडशीटचा जन्मच नियोजनाच्या गरजेतून झाला. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. फळ्यावरच्या आर्थिक तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये अ‍ॅपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट सॉफ्टवेअर आणले. पाठोपाठ १९८३ मध्ये लोटस १-२-३ आले आणि १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल. दर वाढला तर काय, विक्री घटली तर काय, असे प्रश्न विचारणे त्यामुळे क्षणाचे काम झाले.

पण याच सोयीत एक धोका दडलेला आहे. स्प्रेडशीटच्या एकाच पानावर कच्ची माहिती, गृहीतक, सूत्र आणि मांडणी शेजारी शेजारी बसतात. सूत्राच्या जागी कुणी हाताने आकडा टाकला तरी पान तसेच दिसते. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये एक निष्कर्ष मांडला : सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपुढे गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांच्यासह ते गणित पुन्हा केले. सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटले होते. काही वर्षांची माहिती वगळण्याचे आणि भार देण्याच्या पद्धतीचे प्रश्न त्याहून मोठे होते. त्यांच्या हिशेबाने वाढ निघाली अधिक २.२ टक्के. मूळ शीट हाती आली म्हणूनच सूत्रातली ही चूक सापडली. दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला करोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी रोजच्या आकडेवारीतून गळाल्या. माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फायलींत भरली जात होती, आणि तशा फायलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत.

यावर उपाय म्हणून स्प्रेडशीट टाकून देण्याची गरज नाही. मॅनी पेरेझ यांनी १९८० च्या दशकातच टीएम१ या सॉफ्टवेअरमध्ये वेगळी वाट दाखवली : आकडे एका सामाईक, बहुमितीय साठ्यात ठेवायचे आणि स्प्रेडशीट ही त्या साठ्याकडे पाहण्याची खिडकी करायची. १९९२ मध्ये आलेले एसबेस याच वाटेचे. एडगर कॉड यांनी १९९३ मध्ये या पद्धतीला ओलॅप हे नाव दिले. इथे प्रत्येक आकड्याला पत्ता असतो : कोणते खाते, कोणती शाखा, कोणता महिना, अंदाजपत्रकातला की प्रत्यक्षातला. हिशेबनिसाला सवयीची चौकट मिळते, पण आकडा त्या चौकटीत कोंडला जात नाही. दहा शाखांच्या दहा फायली एकमेकींना जोडायच्या आणि मग तुटलेली लिंक शोधत बसायचे, हा त्रासही संपतो.

या पद्धतीने विचार कसा बदलतो, हे एका काल्पनिक दूध संघाच्या हिशेबावरून पाहू. महिन्याचा अंदाज असा : १० लाख लिटर दूध, दर ३४ रुपये, खर्च ३४० लाख. प्रत्यक्षात आले १०.५ लाख लिटर, दर पडला ३५ रुपये, खर्च झाला ३६७.५ लाख. ‘खर्च २७.५ लाखांनी वाढला’ एवढेच सांगणारा अहवाल संचालकांना चिंता देतो, दिशा देत नाही. लिटर आणि दर वेगवेगळे साठवले असतील तर तफावत उलगडते : १७ लाख जास्त दूध आल्यामुळे आणि १०.५ लाख दर वाढल्यामुळे. त्यातले १७ लाख कदाचित आनंदाची बातमी असतील. दरवाढीचे कारण मात्र शोधायला हवे, आणि ते कोणत्या संकलन केंद्रावर शोधायचे हे तोच साठा एक पायरी खाली उतरून दाखवतो.

त्यामुळे पुढील प्रकरणांत काही नियम वारंवार भेटतील. माहिती, गृहीतके, गणित आणि सादरीकरण वेगवेगळे ठेवावे. एक गृहीतक एकाच जागी लिहावे. प्रत्येक अहवालात ताळ्याच्या तपासण्या असाव्यात : ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतात का, रोख प्रवाह पत्रकातली अखेरची शिल्लक खतावणीशी मिळते का. मंजूर अंदाजपत्रक गोठवावे आणि सुधारित अंदाज वेगळी आवृत्ती म्हणून ठेवावा. एका पानावर लाख आणि कोटी मिसळू नयेत. कंपनी कायदा २०१३ ची अनुसूची ३ देखील एकदा स्वीकारलेले एकक सर्व वित्तीय पत्रकांत सारखेच वापरायला सांगते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून, कंपनी हिशेब ठेवायला जे सॉफ्टवेअर वापरते त्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे बंधनकारक आहे. हिशेबाच्या वह्यांना लागलेली ही शिस्त शेवटच्या अहवालापर्यंत नेणे, हे आपले काम आहे.

हा विषय मोठ्या कंपन्यांचाच, आणि सॉफ्टवेअरच्या जाणकारांचाच, असे समजून कुणी उंबऱ्यावर थांबू नये. नावे-जमा समजते, बेरीज-सरासरीची सूत्रे येतात आणि आपल्या संस्थेचा व्यवहार ठाऊक आहे, एवढी तयारी पुरेशी आहे. त्यातली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. कोणत्या महिन्यात संकलन घटते, कोणता खर्च मार्चमध्ये फुगतो, कोणते येणे खरोखर वसूल होईल, हे महागड्या प्रणालीला ठाऊक नसते. ते तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे कीर्द-खतावणी सांभाळणाऱ्याला ठाऊक असते. त्याच्या या जाणिवेला नेटकी रचना मिळाली, तर अंदाजपत्रक हे मागच्या वर्षाच्या आकड्यांत दहा टक्के मिळवण्यापुरते उरणार नाही.

महाराष्ट्रात हजारो सहकारी संस्थांचे अहवाल दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे येतात. सभासदाने उठून एका आकड्यावर बोट ठेवावे आणि त्याला त्या आकड्याच्या मुळापर्यंत नेता यावे, एवढी पारदर्शकता आज आपल्या हातातल्या साधनांनी शक्य आहे. ज्याचा पैसा त्याला त्याचा हिशेब कळला पाहिजे. वाचकांनी हे शास्त्र शिकावे ते यासाठी.