साथ आणि नाका

हिंगोलीहून वाशिमकडे निघालं, की जिल्ह्याच्या टोकाला कनेरगाव नाका लागतो. इथं मराठवाडा संपतो, पुढं वऱ्हाड. स्वातंत्र्यापर्यंत ही दोन राज्यांची शीव होती. इकडे निजाम, तिकडे इंग्रजांचा कारभार. निजामाच्या हद्दीत माल आणा किंवा बाहेर न्या, करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे.

नाक्यावर माल अडतो, माणूस अडतो. रोगाला मात्र जकात नसते. म्हणून साथींचा इतिहास वाचताना मी मृतांच्या आकड्यांबरोबर आणखी एक हिशेब शोधतो. मजुरी कुणाची बुडाली?

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रोगाची धास्ती होतीच, सक्तीच्या तपासणीची तितकीच. फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून गेली. गिरण्यांना माणूस मिळेना. एरवी महिन्याचा पगारसुद्धा उशिरा देत, म्हणजे कामगार अडकून राही. आता तेच मालक रोजच्या रोज रोख मोजू लागले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून चढी बोली लावून माणसं नेऊ लागले.

बावीस वर्षांनी याच्या उलट घडलं. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्लुएन्झा पावसाळ्याच्या अखेरीस खेड्यापाड्यांत पोचला. वऱ्हाड त्यात होरपळला. मरणाऱ्यांत वीस ते चाळिशीतले, म्हणजे घरचे कमावते, फार होते. त्यात त्या साली पावसानंही दगा दिला. धान्य महाग झालं आणि ऐन हंगामात शेतात राबायला हात उरले नाहीत. प्लेगच्या वेळी मजुराची किंमत वाढली होती. इथं मजूरच गेला.

मार्च २०२० मध्ये कोरोनानं जिल्ह्याजिल्ह्यांत पुन्हा नाके बसवले. ज्याचा पगार बँकेत जमा होत होता, तो घरात बसू शकला. ज्याची चूल रोजच्या कामावर पेटते, तो चालत निघाला. ८ मेच्या पहाटे, जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली सापडले. त्यांना रोग झाला नव्हता. साथीच्या मृतांत त्यांची गणना नाही.

मंडळी, नाका बसवूच नये, असं मी म्हणत नाही. साथ रोखायला माणसांना थांबवावं लागतं. पण इंग्रजांनी १८९७ साली केलेल्या साथरोग कायद्यात अडवण्याचे आणि तपासण्याचे अधिकार होते, बुडालेल्या मजुरीबद्दल शब्द नव्हता. तोच कायदा २०२० मध्येही कामी आला. सर्वांच्या भल्यासाठी जो घरी थांबतो, त्याची मजुरी म्हणजे उपकार नव्हे. औषधासारखाच तोही साथीचा खर्च आहे. पुढच्या वेळी नाक्यावर आडवा बांबू टाकण्याआधी एवढं तरी विचारावं, की अडवलेल्याच्या घरी किती दिवसांचे दाणे आहेत?