आम्लवर्षा

आम्लवर्षा किंवा आम्ल पर्जन्य म्हणजे सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लांचा अंश असलेला पाऊस, धुके, दव किंवा हिम होय. पाण्याची आम्लता सामूने (पीएच) मोजतात. ७ हा सामू उदासीन असून त्याखालील मूल्ये आम्लता दर्शवितात. स्वच्छ हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे पावसाचा सामू साधारणपणे ५.६ असतो, त्याहून कमी सामू असलेल्या पावसास आम्लवर्षा म्हणण्याचा प्रघात आहे. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे ४.६ सामू असलेला पाऊस ५.६ सामू असलेल्या पावसाच्या दहापट आम्लधर्मी असतो.

इतिहास

इंग्लंडमधील मँचेस्टर येथील कारखान्यांचा धूर आणि पावसाची आम्लता यांचा संबंध रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिला. १८७२ मधील ग्रंथात त्याने 'आम्लवर्षा' या अर्थाची संज्ञा वापरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडन व नॉर्वेतील तळ्यांमधील मासे नष्ट होऊ लागल्यावर दूरच्या देशांतील धूरही याला कारणीभूत असल्याचे स्पष्ट झाले. त्यातून १९७९ मध्ये जिनिव्हा येथे सीमापार वायुप्रदूषणाविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला.

कारणे

दगडी कोळसा व खनिज तेल जळताना त्यांतील गंधकापासून सल्फर डायऑक्साइड तयार होतो. वाहनांची इंजिने व भट्ट्या यांतील उच्च तापमानाला हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. हे वायू हवेतील इतर घटकांशी व बाष्पाशी अभिक्रिया करून आम्लांत रूपांतरित होतात आणि पावसाबरोबर खाली येतात. पाऊस नसतानाही ते वायुरूपात किंवा सूक्ष्म कणांच्या रूपात पृष्ठभागांवर बसतात. यास शुष्क निक्षेप म्हणतात. ज्वालामुखी व वीज यांमुळेही असे वायू निर्माण होतात. उंच धुराड्यांतून बाहेर पडलेले वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जात असल्याने प्रदूषण एका ठिकाणी आणि परिणाम दुसरीकडे, असे घडते.

परिणाम

आम्लामुळे जमिनीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम ही पोषकद्रव्ये धुपून जातात. मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांना व जलचरांना अपायकारक ठरते. संगमरवर व चुनखडकातील कॅल्शियम कार्बोनेटवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया होऊन जिप्सम तयार होतो व दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. धातूंचे गंजणेही वाढते. असा पाऊस अंगावर पडल्याने सहसा इजा होत नाही; परंतु ज्या वायूंपासून तो बनतो ते वायू व सल्फेटचे सूक्ष्म कण श्वसनविकार वाढवितात.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईतील ट्रॉम्बे-चेंबूर या औद्योगिक परिसरात आम्लधर्मी पावसाच्या नोंदी १९७० च्या दशकातच झाल्या. पावसाच्या रासायनिक घटकांची नोंद ठेवणाऱ्या भारतीय हवामान खात्याच्या केंद्रांत नागपूर व पुणे यांचा समावेश असून तेथील सामू दीर्घकाळात उतरत गेल्याचे आढळले आहे.

तरीही युरोपाप्रमाणे व्यापक हानी दख्खनच्या पठारावर दिसली नाही. याचे एक प्रमुख कारण येथील माती हे आहे. सिल्लोडसारख्या मराठवाड्यातील तालुक्यांत, जेथे कापूस व मका ही प्रमुख पिके आहेत, बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी जमीन आढळते. या मातीत चुन्याचे प्रमाण चांगले असते. उन्हाळ्यात तिची धूळ हवेत मिसळते आणि पावसातील आम्लाचे उदासिनीकरण करते. पावसाळा पुढे सरकतो तशी धूळ बसते आणि हे संरक्षण दुबळे होते. कोकणातील जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी असल्याने तिची आम्ल पचविण्याची क्षमता कमी असते. भारतीय कोळशात गंधक तुलनेने कमी असतो. परंतु कोळशाचा एकूण वापर मोठा असल्याने हा लाभ मर्यादित ठरतो. कोराडी, चंद्रपूर, परळी व भुसावळजवळील दीपनगर येथे औष्णिक वीजकेंद्रे आहेत.

अजिंठा लेणी

सिल्लोडपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेली अजिंठा लेणी १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहेत. ती कोरलेला बेसाल्ट संगमरवराइतक्या सहजतेने आम्लाने झिजत नाही. चित्रे गुहांच्या आत असल्याने त्यांवर थेट पाऊस पडत नाही. मात्र ती मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ थर देऊन रंगविलेली आहेत. चुना आम्लाने विरघळतो, त्यामुळे दमट हवा व आम्लधर्मी वायू यांचा संयोग तत्त्वतः धोक्याचा ठरतो. पर्यटकांना आपली वाहने सुमारे ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूर फाट्यावर ठेवून ठरवून दिलेल्या बसने लेण्यांकडे जावे लागते. लेण्यांच्या परिसरातील प्रदूषण कमी करणे हा या व्यवस्थेचा हेतू आहे.

प्रतिबंध

आम्लवर्षेवर उपाय मुळाशीच करावा लागतो. तळ्यांत व शेतांत चुना टाकणे हा तात्पुरता इलाज आहे.

* वीजकेंद्रांतील धुरावर चुनखडीच्या पाण्याची प्रक्रिया करून सल्फर डायऑक्साइड वेगळा करता येतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये या वायूसाठी मर्यादा ठरविल्या. परंतु मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य केंद्रांना या मर्यादेतून सूट मिळाली.
* १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे पेट्रोल व डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली.
* ताजमहालच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी परिसरातील उद्योगांना कोळशाऐवजी नैसर्गिक वायू वापरण्याचा किंवा स्थलांतर करण्याचा आदेश दिला.
* सौर व पवन ऊर्जा, सार्वजनिक वाहतूक आणि विजेची बचत यांमुळे इंधनज्वलनच घटते.

युरोप व अमेरिकेत सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन कमी झाल्यावर पावसाची आम्लता घटली. मात्र जमीन व तळी पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागतात, असा अनुभव आहे.