शाक्यांचे आडनाव: चीनच्या भिक्खू संघाने कुळ कसे सोडले?

आपल्या देशात नाव विचारले जाते ते ओळखीसाठी आणि आडनाव विचारले जाते ते जातीसाठी. आडनावावरून उलगडा झाला नाही तर पुढचा प्रश्न येतो, "मूळ गाव कोणते?" गावावरूनही अंदाज लागला नाही तर "गावात घर कुठल्या बाजूला?" भाड्याची खोली असो, नोकरीची मुलाखत असो की लग्नाची बोलणी, हा क्रम ठरलेला आहे. म्हणून आज आम्ही अशा एका आडनावाबद्दल लिहीत आहोत, जे लावल्यावर माणसाचे कुळ, गोत्र, घराणे यांपैकी काहीही कळू नये, अशी व्यवस्था सोळाशे वर्षांपूर्वी केली गेली. हे आडनाव चिनी आहे, पण त्याचा जन्म तथागतांच्या नावातून झालेला आहे.

ते आडनाव म्हणजे 'शी'. मराठी वर्तमानपत्रे चीनच्या राष्ट्राध्यक्षांचे आडनावही 'शी' असेच लिहितात. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. चिनी भाषेत त्याचे अक्षर वेगळे आणि उच्चारही वेगळा. सामान्य चिनी कुटुंबांतही 'शी'सारखी ऐकू येणारी अनेक आडनावे आहेत, तीही वेगळ्या अक्षरांनी लिहिली जातात. आम्ही बोलतो आहोत ते 'शी' म्हणजे 'शिज्यामोउनी' या शब्दाचे पहिले अक्षर. शिज्यामोउनी म्हणजे शाक्यमुनी. चिनी लोकांनी 'शाक्य' हा शब्द आपल्या लिपीत उतरवताना 'शा'च्या जागी जे अक्षर घेतले तेच पुढे भिक्खूंचे आडनाव झाले. या अक्षराला चिनी भाषेत स्वतःचाही अर्थ आहे: सोडणे, मोकळे करणे, उलगडून सांगणे. अक्षर आवाजासाठी निवडले गेले, पण कुळ सोडणाऱ्या माणसाला ते अर्थानेही शोभून दिसते.

चीनमध्ये आडनावाचे वजन

चिनी माणूस आडनाव आधी सांगतो आणि नाव नंतर. आजही वांग, ली, चांग, ल्यू आणि चेन या पाच आडनावांत देशाची सुमारे 30 टक्के लोकसंख्या मावते. आडनाव वडिलांकडून येते, पूर्वजांची पूजा त्याच्या आधाराने चालते. चौथ्या शतकात तर आडनावाचे महत्त्व आणखी मोठे होते. इ.स. 220 पासून तेथे माणसांची नऊ श्रेणींत प्रतवारी करून अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू झाली. गुणवत्ता पाहण्यासाठी काढलेली ही पद्धत लवकरच मोठ्या घराण्यांच्या हातात गेली. लांगयाचे वांग, चेन प्रांताचे श्ये अशा घराण्यांत जन्मलेल्याला वरची श्रेणी आणि सामान्य घरातल्याला खालची. चीनमध्ये आपल्यासारखी वर्णव्यवस्था नव्हती, अस्पृश्यता नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण जन्मावरून माणसाची पत ठरवण्याचा रोग तेथेही होता आणि आडनाव हे त्याचे प्रमाणपत्र होते.

अशा देशात भिक्खूने आडनाव काय लावायचे? सुरुवातीची रीत अशी होती की परदेशातून आलेला भिक्खू आपल्या देशाचे अक्षर आडनाव म्हणून लावी. भारतातून आलेल्याचे 'चू', पार्थियातून आलेल्याचे 'आन', युएची लोकांतल्याचे 'ची', सोग्दियाकडून आलेल्याचे 'खांग'. इ.स. 148 मध्ये लोयांगला पोचलेला भाषांतरकार आन शिगाव हा पार्थियाचा. चिनी शिष्य मग आपल्या आचार्यांचे आडनाव घेत. वेई घराण्यात जन्मलेला एक चिनी मुलगा चू फाताई यांचा शिष्य झाला आणि चू दाओशेंग या नावाने प्रसिद्ध झाला. धर्मरक्ष हे तर युएची घराण्यातले, जन्माने 'ची'. भारतीय गुरूमुळे तेही 'चू' झाले. म्हणजे घरचे कुळ सुटले, पण त्याच्या जागी गुरूचे कुळ आले. एकाच बुद्धाचे शिष्य, पण नावावरून हा कोणाचा आणि तो कोणाचा हे ओळखू येत होते.

दाओआन यांचा निर्णय

ही रीत मोडली ती दाओआन (312–385) यांनी. आजच्या हपेई प्रांतात ते जन्मले. आईवडील लहानपणीच गेले. बाराव्या वर्षी प्रव्रज्या घेतली, पण दिसायला कुरूप म्हणून गुरूने त्यांना शिकवण्याऐवजी तीन वर्षे शेतात राबवले, असे त्यांच्या जुन्या चरित्रात नोंदवले आहे. पुढे मध्य आशियातून आलेल्या फोतुदेंग या आचार्यांनी त्यांची योग्यता ओळखली. बाकीचे लोक त्यांच्या रूपाला हसत असताना फोतुदेंग यांनी त्यांना शिष्य केले. युद्धांच्या धामधुमीत दाओआन शिष्यांना घेऊन गावोगाव फिरले, श्यांगयांग येथे सुमारे पंधरा वर्षे राहिले, चिनी भाषेत आलेल्या ग्रंथांची चिकित्सक सूची तयार केली, संघासाठी नियम घालून दिले. 379 मध्ये फू च्यान या राजाने श्यांगयांग जिंकले आणि त्यांना राजधानी चांगआनला नेले.

याच दाओआन यांनी प्रश्न विचारला की सर्व भिक्खूंचा मूळ शास्ता एकच आहे, तर आडनावे वेगवेगळी का? शाक्यमुनींपेक्षा श्रेष्ठ आचार्य कोण? म्हणून सर्वांनी एकच आडनाव लावावे, ते म्हणजे शी. ते स्वतः शी दाओआन झाले. त्यानंतर 384-85 च्या सुमारास एकोत्तर आगमाचे चिनी भाषांतर चांगआनमध्ये झाले. त्यात तथागतांचे वचन सापडले. चार महानद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची नावे उरत नाहीत, तसे चारही वर्णांचे लोक संघात आले की जुने नाव-गोत्र उरत नाही, ते फक्त शाक्यपुत्र श्रमण होतात. दाओआन यांचा निर्णय बुद्धवचनाशी तंतोतंत जुळला आणि मग तो चीनच्या संघाचा कायमचा नियम झाला. त्याच वर्षी दाओआन यांचे परिनिर्वाण झाले.

हेच वचन पाली साहित्यात अंगुत्तर निकायाच्या पहाराद सुत्तात आहे. तेथे गंगा, यमुना, अचिरवती, सरभू आणि मही या पाच नद्या आहेत. आंबेडकरी वाचकाला हा दृष्टान्त वेगळा सांगण्याची गरज नाही. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हाच नद्यांचा आणि समुद्राचा दृष्टान्त आपल्या लोकांपुढे ठेवला होता. चौथ्या शतकातला एक चिनी भिक्खू आणि विसाव्या शतकातले बाबासाहेब, दोघांनी बुद्धाच्या विशाल साहित्यातून नेमके हेच वचन उचलले. आम्हाला हा योगायोग वाटत नाही. जन्माची ओळख पुसायची असेल तर धम्मात याहून स्पष्ट आधार दुसरा नाही.

इ.स. 400: एकाच काळाच्या दोन दिशा

आता या काळाकडे नीट पाहा. दाओआन यांचे शिष्य शी हुइयुआन यांनी 404 मध्ये एक निबंध लिहिला आणि भिक्खूने राजापुढे वाकू नये असे ठामपणे मांडले. घर सोडलेल्या माणसाला घरादाराचे आणि दरबाराचे नियम लागू होत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. आणि 399 मध्ये याच चांगआनमधून आणखी एक 'शी' भारताकडे निघाला. त्याला आपण फाहियान म्हणून ओळखतो, चिनी परंपरेत तो शी फाश्यान आहे. विनयाचे ग्रंथ शोधत तो मध्यदेशात आला. तेथे त्याने काय पाहिले? चांडाळ लोक वस्तीबाहेर राहतात आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवतात, म्हणजे बाकीचे लोक बाजूला होतील.

बाबासाहेबांनी 1948 च्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात फाहियानची ही नोंद तपासली आहे. तेवढ्या एका नोंदीवर ते विसंबले नाहीत. गोहत्येचा प्रश्न, गुप्तकाळ, नंतर आलेल्या युआन श्वांगची साक्ष हे सर्व लावून त्यांनी निष्कर्ष काढला की अस्पृश्यतेचा जन्म इ.स. 400 च्या सुमारास झाला असावा. म्हणजे ज्या पिढीत बुद्धाच्या वचनावरून चीनमध्ये भिक्खूंची जन्मजात ओळख पुसली जात होती, त्याच काळात बुद्धाच्या भूमीत ब्राह्मणी व्यवस्था माणसाच्या जन्माला विटाळाचा शिक्का मारत होती. बियाणे इथले, उगवले तिथे. इथे शेत कोणी जाळले, हे बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे.

आज हे आडनाव कुठे आहे?

आज चीन आणि तैवानमधले भिक्खू आणि भिक्खुणी हेच आडनाव लावतात. त्झू ची ही सेवा संस्था 1966 मध्ये उभी करणाऱ्या भिक्खुणी शी चंगयेन, विचारवंत भिक्खू शी यिनशुन (1906–2005), आणि 2001 मध्ये भिक्खुणींना कमी लेखणारे आठ गुरुधर्म जाहीरपणे नाकारणाऱ्या शी चाओहुई ही तैवानची उदाहरणे आहेत. तैवानच्या नावविषयक कायद्यात प्रव्रज्येमुळे नाव आणि आडनाव बदलण्याची तरतूदही आहे. व्हिएतनाममध्ये याच अक्षराचा उच्चार 'थिच' होतो. 11 जून 1963 रोजी सायगावमध्ये आत्मदहन करणारे थिच क्वांग दुक आणि जगभर वाचले जाणारे थिच न्यात हान्ह (1926–2022) यांच्या नावातला थिच म्हणजे हेच शाक्यांचे आडनाव. कोरियात ते 'सोक' आणि जपानमध्ये 'शाकु'. जपानच्या जोदो शिनशू पंथात तर सामान्य उपासकांच्या धर्मनावातही 'शाकु' असते.

मोठ्या आडनावांच्या यादीत 'शी' सापडणार नाही, कारण ते बापाकडून मुलाकडे जात नाही. प्रत्येक पिढीत ते नव्याने स्वीकारावे लागते.

इथे एक आक्षेप येतो. शाक्य हेही शेवटी एका क्षत्रिय कुळाचेच नाव, मग त्यात समता कसली? याचे उत्तर नेपाळकडे पाहिले की मिळते. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजात 'शाक्य' हे आडनाव आहे. तेथे विहारातले भिक्खू संसारी झाले, भिक्खूपद बापाकडून मुलाकडे जाऊ लागले आणि शाक्य ही एक जात झाली. शब्द एकच. चीनमध्ये तो कुळ मिटवतो, नेपाळमध्ये तो जात बनतो. फरक शब्दात नाही, वारसाहक्कात आहे. जे जन्माने मिळते ते कितीही पवित्र असले तरी जातच होते. जे कोणालाही स्वीकारता येते आणि कोणालाही वारशाने देता येत नाही, त्यातून जात तयार होऊ शकत नाही.

चीनची मर्यादा आणि बाबासाहेबांचे उत्तर

'शी'चा गौरव करताना त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. हे आडनाव विहाराच्या दारापर्यंतच थांबले. दाराबाहेरचा उपासक वांग राहिला, ली राहिला, त्याच्या घराण्याची उच्चनीचता तशीच राहिली. जपानमध्ये तर बुराकू समाजाच्या मृतांना मंदिरांनी हीनतादर्शक अक्षरे असलेली धर्मनावे दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे उघडकीला आल्यावर संप्रदायांना त्यांचा शोध घेऊन ती दुरुस्त करावी लागली. म्हणजे बौद्ध देश असला म्हणून विषमता आपोआप संपत नाही.

बाबासाहेबांनी हे दुखणे अचूक ओळखले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते सांगतात की संघात प्रवेशासाठी दीक्षाविधी होता, पण उपासकासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती, आणि ही मोठी उणीव होती. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी चीवर न घातलेल्या, मुलेबाळे कडेवर घेतलेल्या लाखो माणसांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. समुद्राचा दृष्टान्त त्यांनी विहारातून बाहेर काढून वस्तीत आणला. दाओआन यांनी जे भिक्खूंसाठी केले ते बाबासाहेबांनी संसारी माणसांसाठी केले.

मग आज आपल्याकडे काय चालले आहे? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 65 लाखांहून अधिक बौद्ध आहेत. पण वधूवर मेळाव्यातला अर्ज पाहा. धर्म 'बौद्ध' लिहिल्यावर खाली 'पूर्वाश्रमीची जात' असा रकाना असतो आणि तो भरला जातो. त्यावरही समाधान झाले नाही तर पोटजात विचारली जाते. सवलतींसाठी शासनाच्या कागदावर जातीची नोंद लागते, तो घटनात्मक हक्क आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. पण सोयरिकीत जात विचारण्याची सक्ती कोणत्या शासनाने केली आहे? नदी समुद्राला मिळाल्यावर आपले जुने नाव पुन्हा शोधत असेल तर ती समुद्राला मिळालीच नाही, असे म्हणावे लागेल.

काही तरुण विचारतात की आडनाव बदलावे का? आमचे म्हणणे असे आहे: खोली मिळावी म्हणून एकट्याने गुपचूप आडनाव बदलणे हे लपणे आहे. त्याला आम्ही दोष देणार नाही, दोष लपायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे. पण त्याने व्यवस्थेला धक्का लागत नाही. चीनच्या भिक्खूंनी लपवले नाही. त्यांनी सर्वांनी मिळून, एका नियमाने, उघडपणे एकच आडनाव लावले आणि 'आम्ही कोणत्या कुळातले हे तुम्हाला कळणार नाही' असे जगाला सांगितले. असा निर्णय घेता येत असेल तर जरूर घ्यावा. घेता येत नसेल तर निदान एक काम आजच होऊ शकते. पुढच्या मेळाव्याच्या अर्जातला तो रकाना छापू नका, आणि छापला असेल तर भरू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!