हरताळ, गेरू आणि समासातली पेन्सिल

भंडारदऱ्याला माणसं जातात ती मेअखेर काजवे बघायला, नाही तर पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला. मी गेलो तो फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर आलेल्या असताना. शेंडीजवळच्या एका शाळेत माझा मित्र शिकवतो. ‘पोरं वाचतात रे, पण डोक्यात काही राहत नाही, येऊन बघ जरा,’ असं त्याचं निमंत्रण. सातवीतल्या एका मुलीनं मोठ्या अभिमानानं इतिहासाचं पुस्तक पुढे केलं. पान उघडलं तर खुरासणी फुललेलं शेत! पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पिवळंधमक.

‘हे सगळंच महत्त्वाचं?’

‘हो सर.’

‘काय लिहिलंय यात?’

तिनं पिवळी ओळ खणखणीत वाचून दाखवली. मी पुस्तक मिटलं आणि तेच पुन्हा विचारलं. ती आधी माझ्या मित्राकडे बघत राहिली, मग खिडकीबाहेर.

गंमत अशी, की आपल्याकडे या पिवळ्या रंगाचं काम अगदी उलटं होतं. हस्तलिखित पोथी म्हणजे लांबट सुटी पानं, बोरू आणि काजळीची शाई. एकदा अक्षर उमटलं की खोडायची सोय नाही. खरवडावं तर कागद फाटणार. मग लेखक हरताळ नावाचं पिवळं खनिज खलायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चुकलेल्या अक्षरांवर त्याचा हात फिरवायचा. वाळल्यावर त्यावर पुन्हा लिहिता येई. ‘तत्त्वांना हरताळ फासला’ असं आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, त्यातला हरताळ हाच. (बाजार बंद ठेवण्याचा हरताळ वेगळा. तो हाटाला टाळं लावण्यातून आला; दोघांचं नातं फक्त उच्चाराचं.) हरताळात सोमल असतो, म्हणजे विषच, त्यामुळे पोथीला कसरही लागायची नाही. पोथीच्या पानावर पिवळा पट्टा दिसला, की वाचणाऱ्यानं समजायचं : इथलं आधीचं वाचू नकोस.

लक्ष वेधायचं काम गेरूचं. ‘श्रीभगवान उवाच’सारखे बोलणाऱ्याचे बदल, श्लोकांचे आकडे, अध्यायाची समाप्ती यांवर तांबूस बोट फिरवलेलं असे. पण तो गेरू नेमस्त. अख्ख्या पानावर चार-पाच ठिपके. नजरेनं वळण कुठे घ्यायचं एवढंच ते सांगत.

हायलायटरचं कूळ अगदी अलीकडचं. जपानमध्ये युकिओ होरिए यांनी १९६२ साली मऊ टोकाचं पेन काढलं, पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कार्टर्स इंक कंपनीनं अक्षरं आरपार दिसतील अशा पिवळ्या शाईचा ‘हाय-लायटर’ आणला, आणि १९७१ साली जर्मनीच्या श्वान-स्टॅबिलो कंपनीनं चकाकणाऱ्या शाईचा, चपट्या अंगाचा ‘बॉस’. तोच आज खेड्यापाड्यातल्या स्टेशनरीच्या दुकानात दोरीला लटकतो. २०१३ साली मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून पाहिल्या. रंगवणं आणि नुसतं पुन्हा पुन्हा वाचणं या दोन्ही तळाला गेल्या. वरचढ ठरल्या त्या दोनच : पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घेणं, आणि अभ्यास एका रात्रीत न कोंबता दिवसांवर पसरणं. माझं स्वतःचं मत याहून कडवट आहे. रंगवणं हा वाचन पुढे ढकलण्याचा मार्ग आहे. ‘हे नंतर बघू’ अशी ती खूण असते, आणि ते नंतर कधी येत नाही.

मग वाचताना हातानं करायचं काय? त्याचं उत्तर पोथीच्याच पानावर आहे, फक्त मधल्या मजकुरात नव्हे, कडेला. त्या कोऱ्या कडेला आपण समास म्हणतो. (रामदासांच्या दासबोधातलं प्रकरणही समासच, वीस दशकांत असे दोनशे.) नकलताना शब्द सुटला तर ओळीत हंसपद काढायचं, म्हणजे पाखराच्या पावलासारखी खूण, आणि सुटलेला शब्द समासात लिहायचा. अवघड शब्दाचा अर्थही तिथेच. टिप्पणी हा शब्द संस्कृतातला खरा, पण मराठी कानाला ‘टिपण’ म्हटलं की दाणे टिपणारं पाखरूच दिसतं. पाखरू रास उचलत नाही, दाणा उचलतं.

टिपणाचं थोरलं भावंड म्हणजे टीका. आज टीका म्हटली की माणूस भांडायच्या तयारीनं बसतो. मूळ अर्थ मात्र मजकूर उलगडून सांगणं. भंडारदऱ्याची प्रवरा रतनगडाच्या डोंगरांतून निघते, अकोले, संगमनेर करत खाली नेवाशाला जाते. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली. सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या. यात मला नेहमी नवल वाटतं ते श्रोत्यांचं. ते ग्रंथाच्या आतच बसलेले आहेत : मध्येच दाद देतात, विषय लांबला तर मूळ वाटेवर या म्हणतात, आणि निवृत्तिनाथ तर धाकट्या भावाला स्पष्टच थांबवतात. गीता स्वतः प्रश्नोत्तरांची, तिच्यावरची टीकाही बोलाचालीची. नेवाशाच्या पुढे प्रवरा गोदावरीला मिळते आणि ते पाणी पैठणला जातं. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, पाठ ताडून, ग्रंथ शुद्ध केला. चालता हात ठेवून वाचणं म्हणजे काय, याचा एकाच पाण्याकाठचा हा दुसरा दाखला.

वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर वाचायची रीतच बांधून ठेवली होती. एखादं वचन घ्यायचं, त्यावर शंका काढायची, विरुद्ध बाजू मांडायची, तिला उत्तर द्यायचं, मग निर्णय. या सगळ्याला म्हणायचं अधिकरण. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली विद्यार्थ्यांसाठी पाच पायऱ्या सांगितल्या : आधी चाळा, प्रश्न काढा, वाचा, न बघता म्हणा, उजळणी करा. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ असं म्हणायचा मोह मला नाही. अधिकरण शास्त्र्यांसाठी होतं, रॉबिन्सनची रीत सामान्य पोरांसाठी. पण दोन्हींत उत्तराच्या आधी प्रश्न येतो, हे खरं.

हेच शाळेत करून बघायला माझ्या मित्रानं फळ्यावर काही ओळी लिहिल्या. प्रवरेवरच्या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं. ते १९२६ साली पूर्ण झालं. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी उद्घाटन केलं, म्हणून नाव विल्सन धरण. भिंत ८२ मीटर उंच, साठा सुमारे ११ टीएमसी. पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांतल्या शेतांना जातं. पोरांनी वहीत डावीकडे चार बोटं समास सोडून हे उतरवलं. हायलायटर दप्तरात, हातात फक्त पेन्सिल. प्रत्येक ओळीसमोर समासात एक प्रश्न लिहायचा, आणि शेवटी एक असा, की ज्याचं उत्तर फळ्यावर नाही.

बहुतेकांनी ‘धरण कधी झाले?’ लिहिलं. पिवळ्या पुस्तकवालीनं लिहिलं, ‘सोळा वर्षे का लागली?’ सोळा हा आकडा फळ्यावर कुठेच नव्हता. तिनं वजाबाकी केली होती. खाली, तिच्या बोलीत, दुसरा प्रश्न : ‘पाण्याखाली आदी काय व्हतं?’

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी उजवी बाजू तळहातानं झाकली आणि फक्त समासातल्या प्रश्नांवरून मजकूर सांगितला. दोन्ही सालं तिला न चुकता आठवली, सोळाच्या मागून ओढल्यासारखी. टीएमसी म्हणजे काय, ते मात्र कुणालाच सांगता आलं नाही. खरं तर आदल्या दिवशी कुणी विचारलंही नव्हतं.

सरकारलाही ही समासाची गोष्ट एकदा सुचली होती. २०२३-२४ साली दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत आली आणि पाठामागे नोंदींसाठी कोरी पानं जोडली गेली. कल्पना मला आवडली होती. पण ज्यांना आयुष्यभर ‘पुस्तकात रेघोट्या मारू नका’ म्हणून दटावलं, त्यांनी त्या पानांचं काय करायचं, हे कुणी करून दाखवायला हवं होतं. पानं म्हणावी तशी वापरली गेली नाहीत, पोरं वह्याही आणतच राहिली, आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला गेला. कोरी पानं गेली. पुस्तकाच्या कडेचा समास मात्र अजून कोराच छापतात.