ग्रँड ड्यूकचा मोगरा

टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याच्याबद्दल चांगलं बोलणारे इतिहासकार थोडेच. 1670 ते 1723 अशी त्रेपन्न वर्षं गादीवर बसला, देवधर्मात बुडाला आणि करांनी प्रजेला जेरीस आणलं. पण झाडांचं वेड मात्र अस्सल. बार्तोलोमेओ बिंबी नावाच्या चित्रकाराकडून त्याने फळांची भलीमोठी चित्रं काढून घेतली. एकेका चित्रात डझनावारी जातींची नासपती, लिंबं, चेरी. प्रत्येक फळाला आकडा आणि खाली त्याचं नाव. रोपवाटिका चालवणाऱ्या माझ्यासारखीला असला माणूस लगेच ओळखू येतो. आमच्याकडेही असे येतात. बागेत सगळं आहे, फक्त शेजाऱ्याकडे नसलेलं एखादं झाड तेवढं हवं असतं.

सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याला ते मिळालं, आणि ते निघालं होतं आमच्या गोव्यातून. गच्च पाकळ्यांचा, लहानशा गुलाबासारखा दिसणारा मोगरा. आपण ज्याला हजारी मोगरा किंवा बटमोगरा म्हणतो त्याच गोतातला. फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लोच्या बागेत या झाडांना हिवाळा काढता यावा म्हणून खास उबदार घर होतं. त्याचं नाव ‘स्तुफा देई मुगेरिनी’, म्हणजे मोगऱ्यांची उबदार खोली.

तिथवर हे झाड जिवंत पोचलं याचंच मला जास्त अप्रूप. काजूची बी खिशात घालून कुठूनही कुठे नेता येते. गच्च पाकळ्यांच्या मोगऱ्याला ती सोय नाही. त्याच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या, त्यामुळे बी धरणार कुठून? न्यायचं तर झाड न्यायचं, नाहीतर काडी. गोव्याहून लिस्बनची गलबतं साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटत, आफ्रिकेला वळसा घालत आणि सहा-सात महिन्यांनी पोचत. गोडं पाणी माणसांनाच मोजून मिळायचं. वर खारा वारा. झाडं जहाजातून सुखरूप नेण्यासाठी काचेची बंद पेटी वापरात आली ती 1830च्या दशकात, म्हणजे दीडशे वर्षांनी. तेव्हा या मोगऱ्याच्या कुंडीला कुणीतरी आपल्या वाटणीचं पाणी घातलं असणार, असं मला आपलं वाटतं.

ड्यूकने हुकूम काढला म्हणे, की या झाडाचा एक फाटाही बागेबाहेर जाता कामा नये. पुढची गोष्ट एकोणिसाव्या शतकातल्या फुलझाडांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. बागेतल्या एका तरुण माळ्याचं लग्न ठरलेलं, पण दोघांकडेही दमडी नव्हती. तिच्या वाढदिवसाला त्याने फुलांचा गुच्छ नेला आणि त्यात मोगऱ्याची एक डहाळी खोचली. मुलीने ती फुलदाणीत न ठेवता मातीत लावली. ती जगली, पुढच्या वर्षी फुलली. तिने काड्या करून रोपं वाढवली, चांगल्या भावाला विकली आणि त्या पैशावर दोघांनी संसार मांडला. तेव्हापासून टस्कनीतल्या नवऱ्या लग्नात मोगरा माळतात, आणि मोगरा माळण्याजोगी मुलगी नवऱ्याचं नशीब काढते असं तिथे म्हणतात, अशी या गोष्टीची अखेर.

दंतकथाच ही. पण धंद्याच्या नजरेने वाचली तर कुठे अडत नाही. फुलावर आलेली डहाळी लावायला वाईट. सगळा जोर कळ्यांत जातो. त्या मुलीने कळ्या खुडल्याच असणार. मीही तेच करते. पार कोवळं शेंड्याचं टोक नको, जून लाकूडही नको. मधली, वाकवली तर चिवटपणे वाकणारी काडी घ्यायची. तीन-चार डोळे ठेवून खालच्या डोळ्याच्या लगेच खाली तिरका छाट, खालची पानं काढायची, वरची दोन अर्धी कापायची. रेतीमिश्रित मातीत दोन डोळे पुरायचे, सावलीत. मिरगाच्या पावसात लावली तर महिना-दीड महिन्यात मुळं धरते. नवं पान फुटलं की लोक हरखतात. ते पान काडीतल्या साठ्यावरही फुटतं आणि पुढच्या आठवड्यात करपतं. बोटांनी हलकेच ओढून बघावं. खालून धरून ठेवल्यासारखी वाटली, की जगली.

टस्कनीत तिला मिरग नव्हता, पुढे कडक हिवाळाही होता. कुंडी घरात, चुलीच्या आसपास ठेवल्याशिवाय तिचा मोगरा वाचला नसता. ड्यूकने त्यासाठी इमारत राखली होती, हिने स्वयंपाकघरात निभावलं. आणि काडीने वाढलेलं झाड म्हणजे मूळचंच झाड. तिने विकलेलं प्रत्येक रोप ड्यूकच्या झाडाइतकंच अस्सल होतं. पहारे बसवून असल्या झाडाची मिरास टिकत नाही. छाटणीच्या दिवशी केराच्या टोपलीतून ते बाहेर पडतं. तो माळी नसता तर दुसरा कुणी असता.

नाव मात्र ड्यूकचंच राहिलं. आज जगभर ही जात ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ म्हणून विकली जाते, आपल्याकडेही. कुणा पोर्तुगीज अफोंसोचं नाव हापूसला चिकटलं, तशातली गत. मुलीचं नाव गोष्टीत नाही, आणि गोव्यात पहिला छाट मारणाऱ्याचा तर गोष्टीत पत्ताच नाही.

परवा एक बाई फोनवर चित्र दाखवून ‘इम्पोर्टेड ग्रँड ड्यूक’ मागत होत्या. किंमत ऐकूनही घ्यायला तयार. माझ्या धंद्याचं नुकसान करून मी त्यांना म्हटलं, ताई, तुमच्या वाड्यात कुणाच्या तरी तुळशीमागे बटमोगरा असेलच. पाऊस पडला की काडी मागा.